चोंदलेलं नाक आणि पाण्याचे पहिले तीन मीटर

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला पहिल्यांदा स्कूबा करायला आलेले पर्यटक हमखास विचारतात, किती खोल नेणार? त्याआधी विचार करायचा तो आपल्या नाकाचा. कान आणि सायनस (कपाळ-गालांच्या हाडांतल्या, नाकाला जोडलेल्या हवेच्या पोकळ्या) यांच्या दृष्टीनं सर्वांत अवघड पाणी वरचंच असतं.

पाण्याबाहेर हवेचा दाब १ वातावरण (दाब मोजायचं एकक) असतो, ३ मीटरवर १.३ आणि १० मीटरवर २. दाब वाढतो त्या प्रमाणात कोंडलेली हवा आक्रसते. पहिल्या ३ मीटरमध्येच ती सुमारे २३ टक्के आक्रसते. ३० मीटरवरून ४० मीटरवर जाताना मात्र २०च टक्के. म्हणून 'उथळच तर जायचंय, थोडी सर्दी चालेल' हे म्हणणं चुकीचं आहे.

मधल्या कानातून नाकामागे एक नळी येते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की तिच्यातून हवा कानात जाते. याला डायव्हर इक्वलाइज करणं म्हणतात. डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाक झाकलेलं असतं, तेही बाहेरून चिमटीत धरता येईल असं. हे करायला उशीर झाला तर साधारण सव्वा मीटरच्या फरकानंही नळीचं तोंड दाबून बंद होतं आणि मग कितीही फुंकलं तरी उघडत नाही. जोर लावला तर आतल्या कानाला इजा होते. कानाला दडे बसायची वाट न पाहता पाण्यात शिरतानाच एकदा आणि पुढे दर अर्ध्या मीटरला इक्वलाइज करायचं. पाय खाली ठेवून, दोरी धरून सावकाश उतरलं तर हे सोपं जातं.

सायनसचं तसं नाही. त्यांची तोंडं मोकळी असली तर हवा आपोआप आत-बाहेर होते. सुजून बंद झाली तर ती उघडायची कुठलीही युक्ती आपल्या हातात नाही. भिंती हाडांच्या, त्यामुळे पोकळी आक्रसू शकत नाही. आत निर्वात ओढ तयार होते, अस्तर सुजतं, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रिकामी झालेली जागा द्रव आणि रक्तानं भरते. कपाळातला सायनस सर्वांत जास्त त्रास देतो, कारण त्याची वाट अरुंद आणि लांब असते. भुवईवर सुई टोचल्यासारखी कळ येते. गालातला सायनस दुखतो तेव्हा वरच्या दाढा दुखताहेत असं वाटतं, कारण दाढांच्या नसा त्याच्याच भिंतीतून जातात.

कळ आली की थांबा, मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. दोन-तीनदा जमलं नाही तर डायव्ह सोडून द्या. खूण लक्षात ठेवा: पंजा आडवा धरून डोलवायचा आणि मग दुखणाऱ्या जागेकडे बोट दाखवायचं. अंगठा वर केला तर पाण्याखाली त्याचा अर्थ 'छान' नसून 'वर चला' असा होतो.

चोंदलेलं नाक मोकळं करणारा स्प्रे मारून उतरणं आम्हाला सर्वांत धोक्याचं वाटतं. औषधानं सूज ओसरते, माणूस विनासायास खाली जातो. तळाशी असताना असर संपला तर वर येताना फुगणाऱ्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही. उतरताना अडलं तर परत फिरता येतं. वर येताना अडलं तर टाकीतली हवा संपत असते. अशा वेळी थोडं खाली जाऊन घोट गिळायचा, श्वास अजिबात न रोखता अगदी हळू वर यायचं. हे स्प्रे सलग तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट अधिकच चोंदतं. मिठाच्या कोमट पाण्यानं जलनेती बरी, पण पाणी उकळून निववलेलंच घ्यावं. नळाच्या पाण्यातला दुर्मीळ अमीबा नाकातून मेंदूत गेला तर बहुधा जीवच घेतो.

बाहेर आल्यावर मास्कमध्ये थोडं रक्त दिसलं आणि दुखत नसेल तर घाबरू नका, मात्र त्या दिवशी पुन्हा उतरू नका. गाल बधिर होणं, ताप किंवा न थांबणारी डोकेदुखी असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. गरगरत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर त्याच दिवशी दाखवा आणि तोवर विमानात बसू नका.