छाटकलम (मराठवाडा)

झाडाच्या फांदीचा, पानाचा किंवा मुळाचा तुकडा रुजवून मातृवृक्षाच्याच गुणांचे रोप मिळवण्याची शाकीय अभिवृद्धीची (बियांवाचून रोपे वाढवण्याची) पद्धत. हिला ‘फाटे कलम’ असेही म्हणतात. बोलण्यात ‘काडी लावणे’. ‘कलम’ (मूळ अर्थ लेखणी) हा अरबी शब्द फार्सीतून बागकामात आला असावा.

प्राचीन उल्लेख : कौटिलीय अर्थशास्त्रात (काळ विवाद्य) कांडीने लावायच्या पिकांच्या छाटाला मध, तूप, डुकराची चरबी व शेण यांचा लेप सांगितला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (सु. ६ वे शतक) वृक्षायुर्वेदाध्यायात फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इ. वृक्ष ‘काण्डरोप्य’ (कांडीने लावायचे) म्हटले असून काडीला शेण लिंपावे, असे आहे. काण्डरोप्य म्हणजे छाटकलमच, असा एक अर्थ केला जातो. मात्र लगेच पुढे ‘मूलोच्छेदे’ (मुळाशी छाटलेल्या जागी) व ‘स्कन्धे’ (खोडावर) रोपण सांगितले आहे, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या खोडावर केलेले कलमही अभिप्रेत दिसते. डाळिंब, द्राक्ष, महाळुंग काडीने सहज लागतात, फणस-जांभळाची काडी सहसा रुजत नाही, तर केळीला जमिनीवर खरे खोडच नसते. यादी मिश्र आहे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मराठवाड्यापुरते पाहता, प्रवासी इब्न बतूताने (१४ वे शतक) दौलताबादच्या द्राक्षे-डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येते असे लिहिले आहे; ती कशी लावली जात, हे तो सांगत नाही.

पद्धती : काडी पेन्सिलीएवढी जाड, ३-४ डोळ्यांची (अंकुर फुटण्याच्या जागांची) घेतात. खालचा छाट डोळ्याच्या लगेच खाली देतात, कारण आगंतुक (मुळाऐवजी खोडातून निघणारी) मुळे पेराजवळ लवकर फुटतात. ऑक्सिन (वनस्पतींची वाढ-संप्रेरके) गटातील इंडोल ब्युटिरिक आम्ल लावल्यास मुळ्या वाढतात. चाफ्याची काडी चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवावी लागते, नाहीतर कुजते. काडी उलटी लागू नये म्हणून वरचा छाट तिरपा देण्याची जुनी खूण उपयुक्त आहे.

येथील काळी माती ओली असता चिकट होते व वाळली की भेगाळते. त्यामुळे काडीला हवा कमी पडते किंवा कोवळी मुळे तुटतात. म्हणून नदीची वाळू व शेणखत मिसळतात. मृगानंतरचे दिवस सोयीचे. चाळिशीपार जाणाऱ्या उन्हाळ्यात काडी मुळे फुटण्याआधीच सुकते. गुलाब, जास्वंद, मोगरा, कण्हेर, बोगनवेल ही अंगणातली नेहमीची झाडे. जालन्याची मोसंबी मात्र डोळा भरून (दुसऱ्या झाडाच्या खुंटावर डोळा बसवून) करतात (पहा : डोळा भरणे).