कॅनडातली ‘पाणी उकळून प्या’ सूचना आणि फर्स्ट नेशन्स

बॉइल वॉटर ॲडव्हायझरी म्हणजे नळाचं पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळल्याशिवाय प्यायचं नाही, त्याने दात घासायचे नाहीत की बाळाचं दूध कालवायचं नाही, अशी अधिकृत सूचना. शहरात कुठे पाइप फुटला की ती निघते आणि बहुतेक वेळा थोड्या दिवसांत उठते. फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या रिझर्व्हवर (त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनींवर) मात्र ती वर्षानुवर्षं तशीच राहते. वर्ष उलटलं की सरकारी भाषेत तिला ‘दीर्घकालीन’ म्हणतात.

सगळ्यात जुनं उदाहरण ऑन्टारिओच्या उत्तरेकडच्या नेस्कांटागाचं. गाव तळ्याकाठी आहे, पण जायचं तर विमानाने, नाहीतर थंडीत बर्फावरून काढलेल्या रस्त्याने. १९९३ ला तिथे फिल्टर प्लांट बांधला, तो लवकरच बिघडला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सूचना लागली. त्या वर्षी जन्मलेलं मूल आज तिशीत आहे आणि बाटलीबंद पाणी अजून विमानानेच येतंय. ऑक्टोबर २०२० मध्ये टाकीतल्या पाण्यावर तेलकट तवंग दिसला, तेव्हा ऐन कोविडमध्ये गावकऱ्यांना थंडर बे शहरातल्या हॉटेलांत नेऊन ठेवावं लागलं.

शोल लेक नावाच्या तळ्यावरच्या ‘शोल लेक ४०’ या फर्स्ट नेशनची गोष्ट तर ऐकून संताप येतो. विनिपेग शहराला १९१९ पासून याच तळ्याचं पाणी जातंय, साधारण १५० किलोमीटर लांब जलवाहिनीतून, आणि त्या कामासाठी जे खोदकाम झालं त्याने हे गाव मुख्य जमिनीपासून तुटून बेट बनलं. शहर शंभर वर्षं त्यांच्या दारातलं पाणी पितंय आणि गावात १९९७ पासून उकळून प्यायची सूचना! गावाला बारमाही रस्ता मिळाला २०१९ ला, त्याला लोक फ्रीडम रोड म्हणतात. रस्ता झाल्यावर प्लांट बांधता आला आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सूचना उठली.

हे असं का होतं, तर माझ्या मते मूळ दुखणं जबाबदारीच्या वाटणीत आहे. पिण्याच्या पाण्याचे नियम प्रांत करतात, पण १८६७ च्या राज्यघटनेप्रमाणे रिझर्व्ह येतात केंद्राकडे, म्हणून प्रांतांचे नियम तिथे लागू होत नाहीत. २००० साली ऑन्टारिओतल्या वॉकर्टन गावात दूषित पाण्याने ७ जण दगावले आणि प्रांताने कायदे कडक केले, त्यातलं रिझर्व्हच्या वाट्याला काहीच आलं नाही. शिवाय प्लांट बांधायला पैसे मिळतात, तो रोज चालवायला कमी पडतात, शिकलेला ऑपरेटर जास्त पगारावर दुसरीकडे जातो आणि मग पंप बंद पडला की सुटा भागसुद्धा विमानाने येईपर्यंत थांबायचं.

माजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडोंनी २०१५ ला पाच वर्षांत सगळ्या दीर्घकालीन सूचना उठवायचं वचन दिलं होतं, मार्च २०२१ ची मुदत चुकली. त्यानंतरही काम थांबलं नाही हे खरं, १४० च्या वर सूचना उठल्या, पण मधेच नव्या लागतात. नेस्कांटागासह काही फर्स्ट नेशन्स कोर्टात गेल्या आणि २०२१ मध्ये ८ अब्ज डॉलरची तडजोड मंजूर झाली. पाण्याच्या दर्जाचे नियम बांधून देणारं सी-६१ विधेयक डिसेंबर २०२३ ला मांडलं, ते जानेवारी २०२५ मध्ये संसदेचं सत्र संपवल्यामुळे बारगळलं.

आता नेस्कांटागाच्याच टापूत, रिंग ऑफ फायर म्हणतात त्या भागात, खाणींसाठी बारमाही रस्ते न्यायची सरकारला घाई झालीय.