मीटिंग आणि ग्रुप थेरपी: खुर्च्या दोन्हीकडे गोलच

नवऱ्याच्या दारूने टेकीला आलेल्या बाईला कुणी सांगतं, "अल-अनॉनच्या मीटिंगला जा." दुसरं कुणी सांगतं, "ग्रुप थेरपी घे." दोन्हीकडे खुर्च्या गोल मांडलेल्या, दोन्हीकडे लोक घरचं बोलतात आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नसतं. त्यामुळे दोन्ही एकच, असा समज होतो.

अल-अनॉन हा उपचार नव्हे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं, ते पिणाऱ्यांसाठी. त्यांच्या घरच्यांची वेगळी संघटना, म्हणजेच अल-अनॉन, १९५१मध्ये उभी राहिली; ती उभारणाऱ्यांत एएच्या एका संस्थापकाची पत्नी लोइस विल्सन होती. इथे डॉक्टर नाही, केसपेपर नाही, फी नाही. जमेल ती वर्गणी द्यायची. एकीने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्येच सल्ला द्यायचा नाही. (आपल्याकडे हा नियम पाळणं किती जड जात असेल, कल्पना करा!) पण त्यातूनच काहीतरी हलतं. हे पिणं मी लावलेलं नाही, ते मला आवरता येणार नाही, बरंही करता येणार नाही, हे दहा जणींच्या तोंडून ऐकल्यावर बाई त्याचे खिसे तपासणं सोडते. "ह्यांना ताप आहे" असा ऑफिसला खोटा फोन करणंही सोडते. नातं बदलतं ते तिच्या बाजूने. नवरा त्या खोलीत नसतोच.

ग्रुप थेरपी प्रशिक्षित थेरपिस्ट चालवते. गटात कुणाला घ्यायचं तीच ठरवते, आणि बहुधा फी असते. मुख्य फरक मात्र वेगळाच आहे. मीटिंगमध्ये आपण घरी काय घडलं ते सांगतो. थेरपीत त्या खोलीत जे घडतं तेच कामाला घेतलं जातं. कुणी रडलं की विषय बदलणारा, नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देणारी, माणसं घरी तशीच इथे. थेरपिस्ट तिथल्या तिथे विचारते, "आत्ता काय झालं?"

याचाच एक प्रकार म्हणजे चार-पाच कुटुंबं एकत्र बसवणं. न्यूयॉर्कच्या क्रीडमूर मनोरुग्णालयात १९६०च्या दशकात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी तो वापरला जात होता. आपण 'लेकी बोले सुने लागे' टोमण्यासाठी म्हणतो, इथे त्याचं औषध होतं. स्वतःचा मुलगा "तुम्ही कधी ऐकूनच घेत नाही" म्हणाला की बाप उखडतो. तेच दुसऱ्याचा मुलगा त्याच्या बापाला म्हणाला की हा मान डोलावतो, आणि थोड्या वेळाने गप्प होतो.

सगळ्या संस्था या दोन कप्प्यांत नीट बसतात असं नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून व्यसनमुक्तीचं काम करतं. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. म्हणून फोन करताना 'ग्रुप आहे का' एवढंच विचारू नका, तो कोण चालवतं तेही विचारा.

माझं मत विचाराल तर पिणं चालू असताना आधी मीटिंग, कारण तिथे नवऱ्याच्या होकाराची वाट बघावी लागत नाही. घरात मारहाण होत असेल तर मात्र या दोन्हींच्या आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन. थेरपीची खरी गरज पुष्कळदा दारू सुटल्यावर लागते. इतकी वर्षं घर एकटीने ओढलेलं असतं, आणि आता शुद्धीवर आलेला नवरा विचारतो, "मुलीला सहलीला पाठवायचं तू मला न विचारता कसं ठरवलंस?"