पगार, मीठ आणि रोमन सैनिक

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर बसून चहा पिताना परवा पुन्हा तेच ऐकलं: 'रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ द्यायचे, म्हणून सॅलरी!' व्हॉट्सअ‍ॅपवरही हे दर पगाराच्या तारखेला फिरतंच.

यातलं अर्धंच खरं. सॅलरी आला लॅटिन 'सालारिउम'वरून आणि त्याचं नातं 'साल' म्हणजे मिठाशी आहे, हे बरोबर. पण सैनिकाच्या पदरात मिठाची पुडी पडायची, असं सांगणारा एकही प्राचीन पुरावा नाही. थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने मीठ आणि सालारिउम यांचा संबंध जोडलाय, तोही मोघम. सैनिकाला मिळायची नाणी. सम्राट ऑगस्टसच्या काळात वर्षाला २२५ देनारी, म्हणजे चांदीची नाणी, तीन हप्त्यांत. वर त्या पगाराचं नावच वेगळं होतं, 'स्तिपेंदिउम'. मिरजेत शिकाऊ डॉक्टर ज्याची वाट बघत असतात तो स्टायपेंड यातूनच आला. म्हणजे सैनिकाचा खरा वारस तो!

ही गोष्ट आपल्याला लगेच पटते, कारण खाल्ल्या मिठाला जागणं आपल्या अंगवळणी पडलंय.

आणि आपला 'पगार'? तो पोर्तुगीज. त्यांच्या भाषेत 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. त्याच्या मुळाशी लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. शनिवारी हमालांच्या घोळक्यात उभं राहिलेल्या मुकादमाला हे वेगळं सांगायला नको.