उपग्रह रेडिओचे काय झाले आणि गोव्याला तो अजून का हवा

स्मार्टफोनने उपग्रह रेडिओ संपवला, असे सर्रास म्हटले जाते. भारतापुरते तरी हे तारखांशी जुळत नाही. वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओ कंपनीची भारतातली सेवा ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद पडली. खासगी कंपन्यांसाठी थ्रीजी लहरींचा लिलाव झाला तो त्यानंतर, २०१० मध्ये. जिओ बाजारात आली सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि स्पॉटिफाय भारतात यायला फेब्रुवारी २०१९ उजाडला. म्हणजे मोबाइलवर गाणी ऐकण्याची सोय सामान्य माणसाच्या हाती येण्याच्या कितीतरी आधी आकाशातला रेडिओ आपल्याकडे गप्प झाला होता. तो का गप्प झाला, हे नीट समजल्याशिवाय त्याच्या पुढच्या वाटचालीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. गोव्यात बसून हा विचार करताना तर इथला भूगोल आणि इथला रेडिओचा इतिहास दोन्ही समोर ठेवावे लागतात.

आवाज कुठून सोडायचा आणि तो कुठवर पोचतो, हा प्रश्न गोव्याला फार जुना आहे. पोर्तुगीज काळात ‘एमिसोरा द गोवा’ हे सरकारी केंद्र होते. त्याला उत्तर द्यायला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून एक गुप्त केंद्र चालवले. कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’, पोर्तुगीजमध्ये ‘वॉझ दे लिबर्दाद’. यंत्रसामग्री ठेवली होती सीमेपलीकडच्या आंबोलीच्या जंगलात. घाटमाथ्याची जागा निवडण्यामागे लपण्याची सोय होतीच, पण वरून सोडलेला आवाज खाली गोव्यात उतरतो, हाही फायदा होता. जवळजवळ सहा वर्षे हे दोघे घरदार सोडून रानात राहिले. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर बाँब टाकले आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मान उशिरा झाला, पण त्यांच्या हयातीत झाला याचा मनापासून आनंद वाटतो.

मुक्तीनंतर आकाशवाणी आली आणि पणजी केंद्रावरून कोकणी व मराठी घराघरांत पोचू लागली. पुढे एफएम आले. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात. पणजी-मडगावच्या पट्ट्यात अडचण येत नाही. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांआड गेले की आवाज खरखरू लागतो आणि चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात तो हरवतो. मध्यम लहरी डोंगर बऱ्यापैकी ओलांडतात, खाऱ्या पाण्यावरून तर फार दूर जातात. मात्र त्या ऐकायला वेगळा संच लागतो, आणि आजच्या मोबाइलमध्ये त्या पकडायची सोयच नसते.

आवाज डोक्यावरूनच आला तर डोंगराचा प्रश्न मिटतो, ही उपग्रह रेडिओची मूळ कल्पना. नोआ समारा या इथिओपियात जन्मलेल्या वकिलाने १९९० मध्ये वर्ल्डस्पेस स्थापन केली. आफ्रिकेत एड्स पसरत होता आणि तो कसा टळतो ही साधी माहितीसुद्धा गावोगाव पोचत नव्हती, या अस्वस्थतेतून त्यांना ती सुचली. करमणुकीचा धंदा नंतर आला, हे विसरू नये. ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘आफ्रिस्टार’ आणि मार्च २००० मध्ये ‘एशियास्टार’ हे उपग्रह सुटले. जमिनीवरचे प्रक्षेपक न उभारता दोन खंड कवेत घेण्याचा हा प्रयत्न होता आणि त्यावर अब्जाहून अधिक डॉलर खर्ची पडले.

एशियास्टार विषुववृत्तावर १०५ अंश पूर्व रेखांशाशी, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. गोव्यातून पाहिले तर पूर्व आणि आग्नेय यांच्या मधोमध, क्षितिजापासून साधारण ५० अंश वर. संचाला तळहाताएवढी चपटी अँटेना असे आणि ती नेमकी त्या दिशेला रोखावी लागे. घराची खिडकी पूर्वेला असेल तर उत्तम. पश्चिमेला समुद्राकडे तोंड असेल तर लांब वायर टाकून अँटेना छपरावर न्यायची. मध्ये माड किंवा फणस आला की गाणे तुटायचे, आणि भिजलेल्या पानांतून या लहरी आणखीच क्षीण होऊन येतात. गोव्याचा पावसाळा आणि गोव्याची झाडी लक्षात घेतली तर ही अडचण किरकोळ नव्हे.

तरीही ज्यांनी तो ऐकला त्यांना तो अजून आठवतो, आणि त्याला कारण आहे. चाळीसच्या आसपास वाहिन्या, जाहिरातींचा मारा जवळपास नाही, आवाज निर्मळ. ‘फरिश्ता’वर जुनी हिंदी गाणी, ‘श्रुती’वर कर्नाटक संगीत आणि ‘गांधर्व’वर चोवीस तास हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत. मंगेशी, केरी, कुर्डी या गावांची नावे ज्या प्रदेशात गायकांच्या आडनावांत जिवंत आहेत, तिथे पहाटे ललत आणि रात्री मालकंस असे वेळेच्या रागाचे अखंड गाणे घरी ऐकू येणे ही मोठी गोष्ट होती. (केरीच्या केसरबाईंची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ १९७७ पासून व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत अंतराळात दूर जाते आहे, तेव्हा गोमंतकीय गळ्याला आकाश नवे नाही.) ए. आर. रहमान यांनी वर्ल्डस्पेससाठी धून बांधली, शहरांत दुकाने निघाली आणि भारतातल्या वर्गणीदारांची संख्या लाखापुढे गेली. कंपनीचे जगभरातले बहुसंख्य वर्गणीदार भारतीयच होते.

मग बुडाली कशाने? कर्ज हे पहिले कारण. उपग्रहांचा खर्च अफाट, वर्गणी मात्र भारतीय खिशाला परवडेल अशी. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, वर्षभर गिऱ्हाईक शोधले. मिळकत घेऊ पाहणाऱ्याला भारतातला वर्गणीचा व्यवसाय नको होता. आगाऊ वर्गणी भरलेल्या श्रोत्यांना वर्ष संपता संपता निरोप आला आणि संच मुके झाले.

दुसरे कारण माझ्या मते अधिक महत्त्वाचे आणि ते आपल्या घरातले आहे. धावत्या गाडीत उपग्रह रेडिओ ऐकायचा तर शहरांत इमारतींच्या आड, पुलांखाली, दाट झाडीत तोच कार्यक्रम पुन्हा सोडणारे जमिनीवरचे छोटे प्रक्षेपक लागतात. ते उभारायची परवानगी वर्ल्डस्पेसला भारतात मिळालीच नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २००५ मध्ये उपग्रह रेडिओवर शिफारशी दिल्या, पण धोरण काही ठरले नाही. परिणाम असा की संच खिडकीला खिळला. गाडीत नाही, बसमध्ये नाही, होडीत नाही. जो रेडिओ माणसाबरोबर फिरू शकत नाही त्याच्यासाठी दर वर्षी पैसे मोजणारे लोक किती असणार?

अमेरिकेत नेमके उलटे घडले. तिथे दूरसंचार आयोगाने १९९७ मध्ये दोन परवाने लिलावाने दिले. एक्सएम सप्टेंबर २००१ मध्ये सुरू झाली, सिरियस २००२ मध्ये. दोघींनी शहरांत प्रक्षेपक उभारले आणि मोटार कंपन्यांशी करार करून कारखान्यातच संच बसवून घेतले. एकच कार्यक्रम काही सेकंदांच्या फरकाने दोनदा पाठवायचा, म्हणजे पुलाखालून जाताना गाणे तुटत नाही, अशी युक्ती केली. आपसांतल्या स्पर्धेत दोघी कर्जबाजारी झाल्या. सिरियसने हॉवर्ड स्टर्न या एका निवेदकाशी पाच वर्षांचा ५० कोटी डॉलरचा करार केला होता! जुलै २००८ मध्ये दोन्ही एक झाल्या, २००९ च्या फेब्रुवारीत लिबर्टी मीडियाच्या कर्जाने दिवाळे टळले. आज सिरियसएक्सएमचे वर्गणीदार तीन कोटींहून अधिक आहेत. वाढ मात्र थांबली आहे. २०१९ मध्ये कंपनीने पँडोरा ही इंटरनेटवरची सेवा विकत घेतली, आणि नव्या गाड्यांत सिरियसएक्सएमचा संच उपग्रह व मोबाइल डेटा दोन्ही वापरतो. एक सापडले नाही की दुसरे. तरीही नवे उपग्रह सोडणे तिने थांबवलेले नाही.

भारतात एक दुसरा प्रयत्नही होता, त्याची आठवण फारसे कुणी काढत नाही. जानेवारी २००५ मध्ये अँट्रिक्स या इस्रोच्या व्यापारी कंपनीने देवास या कंपनीशी करार केला. एस-बँड लहरींवरून थेट हातातल्या उपकरणांवर आणि गाड्यांत आवाज व चित्र पोचवायचे होते. फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने तो करार रद्द केला, वाद आंतरराष्ट्रीय लवादांपर्यंत गेला, आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीच्या कारणावरून देवास गुंडाळण्याचा आदेश कायम ठेवला. करारात काळेबेरे होते, पण त्याच्याबरोबर कल्पनाही बदनाम झाली. त्यासाठी आखलेला जीसॅट-६ हा उपग्रह ऑगस्ट २०१५ मध्ये सहा मीटरची उलगडणारी अँटेना घेऊन वर गेला. सामान्य श्रोत्याच्या वाट्याला मात्र त्यातून रेडिओ आला नाही. डीडी फ्री डिशच्या तबकडीवर आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या फुकट येतात, तोही उपग्रह रेडिओच. पण तबकडी घराच्या छपरावर, म्हणजे पुन्हा घरातच.

आता फोन. करमणुकीच्या बाबतीत लढाई संपली आहे आणि ती फोनने जिंकली आहे, याबद्दल मला शंका नाही. हवा तो गवई, हवा तो राग, हव्या त्या वेळी. आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या तिच्या अ‍ॅपवर आहेत. दुबईतला किंवा लंडनमधला गोंयकारही त्या ऐकतो. वर्ल्डस्पेससारखी गाण्यांची वर्गणी पुन्हा कुणी भारतात चालवील असे वाटत नाही.

पण फोनवरचे ऐकणे टॉवरवर अवलंबून असते, आणि प्रत्येक श्रोत्यासाठी टॉवरला वेगळा प्रवाह सोडावा लागतो. प्रक्षेपणात एकदा सोडलेला आवाज एकाने ऐकला काय आणि दहा लाखांनी ऐकला काय, खर्च तोच. हा फरक एरवी जाणवत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने गोव्याला झोडपले तेव्हा तो जाणवला. झाडे आणि विजेचे खांब कोसळले, घरे काळोखात गेली, आणि वीज नाही म्हणजे थोड्या वेळाने फोनही नाही. ज्या दिवशी बातमीची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी ती बंद.

समुद्रावर तर हे रोजचे आहे. मालीम किंवा कुटबणहून सुटलेला ट्रॉलर किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर गेला की मोबाइलची रेंज संपते. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार असेच, इशारा न पोचल्यामुळे बुडाले. त्यातून धडा घेऊन ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण आले. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था हवामानाचा इशारा आणि मासळी कुठे मिळेल ही माहिती पाठवते, ती विमानांना दिशा दाखवण्यासाठी उभारलेल्या गगन प्रणालीच्या उपग्रहांवरून खाली येते, होडीतली डबी ती पकडते आणि ब्लूटूथने तांडेलाच्या फोनवर देते. हा उपग्रह रेडिओच आहे, फक्त त्यात आवाजाच्या जागी अक्षरे आहेत. आणि फोन इथे त्याचा वैरी नसून पडदा झाला आहे. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून एक लाख होड्यांवर दुतर्फा संदेशाचे संच बसवण्याची योजना सुरू झाली.

मला भविष्य दिसते ते या दिशेला. फोनला टॉवर सापडेनासा झाला की त्याने स्वतःहून आकाशाकडे वळावे. २०२२ पासून काही आयफोन संकटात थेट उपग्रहाशी संदेश जोडतात, म्हणजे हातात मावणाऱ्या अँटेनाने उपग्रह गाठणे शक्य झाले आहे. एकतर्फी आवाज सगळ्यांना एकदम पाठवायला त्याहून कमी खटाटोप लागतो, कारण फोनला उलट काही पाठवावेच लागत नाही. अडचण तंत्राची कमी आणि परवान्यांची जास्त आहे. लहरी कुणाला द्यायच्या, फोन बनवणाऱ्यांवर त्या पकडण्याची सक्ती करायची का, बातम्या कोण देणार. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये फोनमधला एफएम रेडिओ बंद ठेवू नका, असे कंपन्यांना सांगितले, पण तो सल्ला होता, सक्ती नव्हे. आणि एफएम काणकोणच्या डोंगराआड वा खोल समुद्रात पोचत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रायने डिजिटल रेडिओच्या शिफारशी दिल्या, त्या चार महानगरांसाठी आणि नऊ मोठ्या शहरांसाठी. पुणे आणि नागपूर त्या यादीत आहेत. पणजी नाही, आणि मुंबई सोडली तर कोकणचा बाकीचा किनाराही नाही. धोरण शहरांच्या बाजारपेठेवरून ठरले की असेच होणार. दर वर्षी ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठते आणि पावसाळा अजून अंगावर असताना होड्या बाहेर पडतात. त्यांच्यावरच्या खलाशांना वादळाचा इशारा वाचायला नव्हे, कोकणीत, मराठीत, कन्नडमध्ये ऐकायला मिळावा. आकाशवाणीकडे या भाषांतले निवेदक आहेत, इस्रोकडे उपग्रह आहेत, इन्कॉइसकडे इशारे आहेत. या तिघांना एका परवान्याखाली आणण्याचे काम दिल्लीत व्हायचे आहे, आणि ते मागायला गोव्याने सगळ्यांत पुढे असायला हवे.