इल ओ सेर्फ की इल ओ बेनितिए, मॉरिशसची कुठली कॅटामरान ट्रिप घ्यायची?

मॉरिशसचं पॅकेज ठरवताना एजंट हमखास विचारतो की आयलंड टूर कुठली टाकू, आणि पुढे दोन नावं ठेवतो, इल ओ सेर्फ आणि इल ओ बेनितिए. दोन्हीकडचे फोटो सेम. पांढरी कॅटामरान (जोडहोडीसारखी रुंद बोट), पुढच्या जाळीवर लोळणारी माणसं, हिरवट निळं पाणी, आणि खाली लिहिलेलंही तेच, दिवसभर बोट, स्नॉर्कलिंग, बार्बेक्यू लंच, बेटावरचा बीच. मग लोक म्हणतात काय फरक पडतो, जी स्वस्त पडेल ती घेऊ. फरक पडतो हो, खूप पडतो, कारण सेर्फची ट्रिप बीचची आहे आणि बेनितिएची समुद्राची, आणि ज्याला जे हवं होतं ते न मिळाल्यामुळे लांबून आलेल्या माणसाचा अख्खा दिवस फुकट जातो.

आधी नकाशा बघा. इल ओ सेर्फ पूर्व किनाऱ्यावर, त्रू द'ओ दूस गावासमोर. इल ओ बेनितिए नैऋत्येला, ला गोलेट गावासमोर, ल मॉर्नच्या डोंगराजवळ. म्हणजे देशाच्या दोन टोकांना, त्यामुळे तुमचं हॉटेल बेल मारला असेल तर सेर्फ जवळ, फ्लिक आँ फ्लाकला असेल तर बेनितिए जवळ, आणि उत्तरेला ग्राँ बेला राहणार असाल तर दोन्हीकडे सकाळी लवकर उठून गाडीचा लांब प्रवास आहेच.

आता खरी गोष्ट, वारा. मॉरिशसला वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात आणि जून ते सप्टेंबर, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, त्यांचा जोर वाढतो. ते पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतात, पश्चिम किनारा मात्र मधल्या डोंगरांच्या आडोशाला राहतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सेर्फला गेलात तर पाणी तेवढंच सुंदर असतं पण वाळू उडते, ओल्या अंगाला थंडी वाजते, बोटीच्या जाळीवर बसलं की अंगावर पाणी उडत राहतं. तेच नोव्हेंबरनंतर वारा नरम पडला की पूर्वेची मजा सुरू होते (अर्थात नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा सीझन, हवामानाचा इशारा आला तर बोटी बंद).

पण यावरून पश्चिमेची ट्रिप कायम शांत असा अर्थ काढू नका, इथेच बहुतेक लोक फसतात. मॉरिशसभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, मोठ्या लाटा तिथेच फुटतात आणि आत उथळ लगून, म्हणजे शांत पाण्याचा पट्टा राहतो. सेर्फची ट्रिप त्रू द'ओ दूसहून निघाली तर ती बरीचशी या भिंतीच्या आतच चालते, म्हणजे वारा लागतो पण बोट फार डोलत नाही. बेनितिएची ट्रिप पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्लॅक रिव्हर गावाहून निघते आणि बऱ्याचदा आधी डॉल्फिन बघायला तामारँच्या खाडीकडे जाते, तिथे नदीचं गोडं पाणी येतं म्हणून प्रवाळाची भिंत तुटलेली आहे, समुद्राच्या लाटा थेट आत येतात, सर्फिंगवाले तिथे जातात ते त्याचमुळे. कॅटामरानला पाण्यावर तरंगणारे दोन भाग असतात, ती रुंद असते म्हणून एका बाजूला कलत नाही, तरीही वरखाली होतेच. घरात कुणाला बोट लागत असेल, आई-बाबा बरोबर असतील, तर हा सकाळचा टप्पा लक्षात घ्या आणि गोळी निघायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

बेटावर गेल्यावर काय? सेर्फवर खरा बीच आहे, सुरूच्या झाडांची सावली, मागे खारफुटी, पॅरासेलिंग, ट्यूब राइड, रेस्टॉरंट, आणि बेटाच्या मोठ्या भागावर जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लांगरने डिझाइन केलेलं १८ होलचं गोल्फ कोर्स. मुलांना पाण्यात सोडून दोन-तीन तास निवांत बसायचं तर हेच. गर्दी असते, पण मुख्य जेट्टीपासून किनाऱ्याने थोडं चालत गेलं की कमी होते. बेनितिएवर असं काही फारसं नाही, नारळाची झाडं, वाळूची पट्टी, आणि काही ट्रिपमध्ये तर बेटावर उतरणं अगदी थोडा वेळ, जेवण बोटीवरच. तिथलं वैभव आजूबाजूला आहे. सकाळचे स्पिनर (उडी मारून गिरक्या घेणारे) डॉल्फिन, लगूनमध्ये पाण्यातून वर आलेला क्रिस्टल रॉक नावाचा खडक, आणि समोर ५५६ मीटरचा ल मॉर्न, जिथे गुलामगिरीतून पळालेली माणसं लपून राहिली आणि ज्याला २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलं. तो डोंगर पाण्यातून बघणं मला मॉरिशसमधली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. डॉल्फिनच्या अंगावर बोट घालणारे लोकही तिथे आहेत, त्यामुळे बुक करताना लांबून दाखवणार का हे विचारा, आणि पळवून पळवून दाखवतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

धबधब्याचा घोळ तर वेगळाच. सेर्फच्या ट्रिपमध्ये धबधबा लिहिलेला असतो तो ग्रँड रिव्हर साउथ ईस्टचा, खराखुरा पण लहान, आणि तिथवर मोठी कॅटामरान जात नाही, छोट्या बोटीने नेतात आणि बोटीतूनच बघायचा. ल मॉर्नजवळचा तो पाण्याखालचा धबधबा म्हणून जो फोटो फिरतो तो मुळात धबधबा नाहीच, समुद्रतळाच्या उतारावर वाळू आणि गाळ पसरून झालेला नजरेचा भास आहे आणि तो फक्त वरून, हेलिकॉप्टरमधून दिसतो. बेनितिएची बोट घेऊन तो दिसेल अशी आशा ठेवू नका, कोणी तसं सांगून पैसे घेत असेल तर ते खोटं आहे.

बाकी दोन्हीकडे सारखंच. बार्बेक्यूत मासे आणि चिकन असतं, शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा नाहीतर सॅलड आणि पावावर भागवावं लागेल. पाण्यात घालायचे बूट न्या, खडकांजवळ समुद्री अर्चिन हे काटेरी जीव असतात आणि त्यांचे काटे पायात मोडतात. रविवार टाळा, स्थानिक लोकांचा तो पिकनिकचा दिवस. आणि ट्रिप सुट्टीच्या शेवटच्या दिवसावर ढकलू नका, पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठेवा, म्हणजे वारा फार असला तर दुसऱ्या दिवशी हलवता येते.