सांगलीची हळद: पेटंट, मानांकन आणि हरिपूरची पेवं

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट जागेचा माल म्हणून अधिकृत ओळख, मिळालं, तेव्हा अनेकांनी त्याचा संबंध अमेरिकेतल्या पेटंटच्या लढ्याशी जोडला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळालं, ते जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर. जखमेवर हळद दाबणं आपल्याकडे घरोघरी चालत आलेलं. सीएसआयआर या भारतातल्या सरकारी संशोधन संस्थेनं जुने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय शोधनिबंध पुढे ठेवला. यात नवं काही नाही, हे सिद्ध होऊन १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. तो प्रश्न वापराचा होता. मानांकनाचा प्रश्न जागेचा असतो, आणि सांगलीच्या बाबतीत जागा म्हटलं की पिकाइतकीच साठवण आली.

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथली माती खोलवर खणली तरी ढासळत नाही आणि ओल धरत नाही. त्यात अरुंद तोंडाची, आत रुंद होत जाणारी खोल पेवं, म्हणजे साठवणीचे खड्डे, खणत. तळाला आणि कडेनं उसाचा पाला, चटया लावून हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आतला प्राणवायू संपत गेला की कीड जगत नाही, आणि अंधारामुळे रंग टिकतो, कारण हळदीला पिवळेपणा देणारं कुरकुमीन उजेडानं नष्ट होत जातं. हळद अशी काही वर्षं राहते. पेव उघडल्यावर मात्र लगेच आत उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. आधी तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर माणूस उतरत नाही.

पेवाचा सगळा भरवसा आधीच्या कामावर. ओली हळद काहिलीत साधारण ४५ ते ६० मिनिटं उकळतात. फेस येऊन वास सुटला आणि हळकुंडात काडी सहज गेली की बस्स. कच्ची राहिली तर पॉलिश करताना तुकडे पडतात, जास्त शिजली तर रंग बिघडतो. गड्डे आणि हळकुंडं एकत्र टाकली की दोन्ही चुका एकाच काहिलीत होतात, म्हणून ती वेगळी शिजवायची. मग १०-१५ दिवस ऊन, रात्री झाकण. ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आला की हळकुंड कट्‌कन मोडतं. १०० किलो ओल्या हळदीची सुमारे २० किलो सुकी होते. दमट माल पेवात गेला तर बुरशी धरते, आणि हे कळतं तोंड उघडल्यावरच.

२००५ च्या महापुरात पाणी शिरून बहुतेक पेवं निकामी झाली आणि माल गोदामांत व शीतगृहांत जाऊ लागला. म्हणजे मानांकन आलं तेव्हा पेवांचा जमाना जवळपास संपला होता. शीतगृह हळद चांगली टिकवतं, पण त्याला महिन्याच्या महिन्याला भाडं लागतं, आणि भाव पडलेला असताना माल धरून ठेवणाऱ्याला तेच जड जातं.